नमुनावाक्य आणि मुलाचे वाक्य



मागील घटकात आपण वाक्याची घटकरचना आणि प्रयोगविचार यांचा अभ्यास केला. प्रस्तुत घटकात त्याच विचाराची एक व्यावहारिक बाजू पाहावयाची आहे. प्राथमिक शाळेतील मुलाला वाक्य लिहावयास शिकवताना शिक्षक एक नमुनावाक्य देतो आणि 'यासारखी वाक्ये लिही' असे सांगतो. ही पद्धत इतकी परिचित आहे, की तिच्यामागे भाषेविषयीची कोणती समजूत आहे हे आपण सहसा विचारत नाही. आपल्यापैकी काही जण अंगणवाडीत किंवा खासगी शिकवणीत काम करत असतील, तर काहींची मुले अजून प्राथमिक शाळेत असतील. त्यांना पुढील विवेचन उद्याच पडताळून पाहता येईल.

४.१ कित्ता आणि नमुना

मराठीत अनुकरणासाठी 'कित्ता गिरवणे' हा वाक्प्रचार आहे. तो शाळेतूनच आला. पंतोजींच्या शाळेत मूल आधी धूळपाटीवर बोट फिरवी आणि हात बसला म्हणजे पंतोजींनी घालून दिलेल्या अक्षराखाली तसेच अक्षर काढी. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. अक्षराचे वळण आणि ओळींचा सरळपणा यांचा तेथे जो बारीक विचार आहे, त्यावरून या शिक्षणाला किती महत्त्व होते ते कळते. कित्त्याचे यश एकाच गोष्टीत असते. खालचे अक्षर वरच्या अक्षरासारखे हुबेहूब यावे.

अडचण पुढे उद्भवते. अक्षरासाठी योग्य असलेली ही रीत शाळेने नकळत वाक्यालाही लावली. फळ्यावरचे वाक्य दहा वेळा उतरवून काढणे हा वाक्यलेखनाचा सराव मानला गेला. वस्तुतः अक्षर आणि वाक्य या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. 'क' प्रत्येकाचा सारखाच असावा लागतो. वाक्य मात्र सारखे असून चालत नाही. कालच्यापेक्षा आज वेगळे काही सांगावयाचे असते म्हणून तर आपण नवे वाक्य करतो. म्हणून वाक्याच्या नमुन्यातील काय घ्यावयाचे आणि काय सोडावयाचे, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. कित्त्यात तो उद्भवतच नाही.

शाळेत न गेलेल्या माणसांनीही तो सोडवलेला आहे. लग्नातला उखाणा पाहा. नाव घेण्याचा साचा ठरलेला असतो, यमकाची जागा ठरलेली असते. तरीही ज्या वधूला वेळेवर स्वतःचे काही सुचते तिच्या उखाण्याला दाद मिळते आणि पाठ केलेला उखाणा ऐकून बायका नुसत्या मान डोलावतात. जात्यावरच्या ओवीचेही तसेच. पहिली, दुसरी, तिसरी असा ओव्यांचा क्रम परंपरेने दिलेला. त्या क्रमात भाऊ कोणाचा, माहेर कोणते, सल कोणता, हे दळणारणीचे. साचा घ्यावा आणि आशय आपला घालावा, ही अनुकरणाची रीत आपल्या मौखिक परंपरेत चांगली मुरलेली आहे. लिहावयास बसताच ती कशी हरवते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

अनुकरणातून लेखन शिकल्याचे जगप्रसिद्ध उदाहरण बेंजामिन फ्रँकलिन यांचे. लहानपणी बोस्टन येथे असताना 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकाचा एक जुना खंड त्यांच्या हाती आला. त्यातील निबंधाच्या प्रत्येक वाक्यातील आशयाची ते त्रोटक नोंद करीत, ती काही दिवस बाजूला ठेवीत आणि मग मूळ लेख न पाहता स्वतःच्या शब्दांत तो पुन्हा लिहून मुळाशी ताडून पाहत. आत्मचरित्रात त्यांनी हे तपशिलाने सांगितले आहे. यात मला महत्त्वाचे वाटतात ते मधले काही दिवस. नमुना डोळ्यांसमोर असेपर्यंत हात नक्कल करतो. तो दृष्टीआड झाला की रचना आठवून पुन्हा बांधावी लागते. आपल्या वर्गात फळा पुसण्यापूर्वीच मुले लिहून मोकळी होतात.

४.२ मराठीत साचा स्थिर राहत नाही

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. वाक्याचा साचा म्हणजे काही ठरलेले शब्द आणि काही रिकाम्या जागा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत इंग्रजीच्या अध्यापनातून आपल्याकडे दृढ झाली. विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजी शिकवण्यासाठी रचनाप्रधान पद्धतीचा आणि अदलाबदलीच्या तक्त्यांचा मोठा प्रसार झाला. एका उभ्या रकान्यातील कोणताही शब्द घ्या, दुसऱ्या रकान्यातील कोणताही शब्द घ्या, वाक्य तयार. इंग्रजीत भूतकाळी क्रियापद कर्माप्रमाणे बदलत नाही, म्हणून असा तक्ता बऱ्याच अंशी चालतो. मराठीत तो पहिल्याच वाक्याला अडखळतो.

उदाहरणासाठी आपण वरळी कोळीवाडा घेऊ. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका भूशिराच्या टोकाला ही वस्ती आहे. टोकावर वरळीचा किल्ला, वस्तीत गोल्फादेवीचे देऊळ, किनाऱ्याला होड्या आणि २००९ सालापासून समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू. मूळची मासेमारी करणारी, स्वतःची बोली असलेली आणि तरीही महानगराच्या ऐन मध्यभागी असलेली ही वस्ती असल्यामुळे घरची मराठी आणि पुस्तकातली मराठी यांचा संबंध येथे स्पष्टपणे तपासता येतो. समजा, येथील चौथीच्या वर्गात शिक्षकाने पुढील नमुनावाक्य दिले:

आजीने जवळा वाळवला.

आता मुलांना 'जवळा'च्या जागी दुसरी वस्तू घालावयास सांगितली, तर वाक्ये अशी होतील:

आजीने करंदी वाळवली.
आजीने बोंबील वाळवले.
आजीने जाळे वाळवले.

आजी तीच आहे, काम तेच आहे. बदलली ती केवळ वस्तू. तरी क्रियापद प्रत्येक वेळी रूप पालटते किंवा निदान वेगळ्या कारणाने तेच रूप घेते. 'बोंबील वाळवले' यातील 'वाळवले' हे पुल्लिंगी अनेकवचनाचे रूप आहे आणि 'जाळे वाळवले' यातील नपुंसकलिंगी एकवचनाचे. मो. के. दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथात ज्या प्रयोगविचाराची सविस्तर चिकित्सा केली, त्यातील कर्मणी प्रयोग तो हाच. नऊ वर्षांच्या मुलाला हे नाव माहीत नसते आणि ते सांगण्याची गरजही नाही. परंतु एका जागेचा शब्द बदलला की दुसऱ्या जागेच्या शब्दाला हलावे लागते, हे त्याच्या हाताला कळते. माझ्या मते मराठीतील वाक्यानुकरणाचे सारे शैक्षणिक मूल्य या हलण्यात आहे.

याच आजीचे दुसरे वाक्य पाहा. मासळी वाळत घातली म्हणजे राखण आलीच.

आजीने मांजराला हाकलले.
आजीने कोंबडीला हाकलले.
आजीने कावळ्यांना हाकलले.

येथे लिंग बदलले, वचन बदलले, तरी 'हाकलले' जागचे हलत नाही. हा भावे प्रयोग. पहिल्या गटात क्रियापद कर्मामागे धावते आणि दुसऱ्यात निश्चल राहते. फरक '-ला' आणि '-ना' या प्रत्ययांनी घडवला आहे. हे दोन गट फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि 'दोन्हींत काय वेगळे दिसते?' एवढेच विचारले, तर वर्गातील एखादे तरी मूल त्या '-ला'वर बोट ठेवील. व्याकरणाची व्याख्या सांगून जे साधत नाही ते येथे सहा वाक्यांत साधण्याचा संभव आहे.

यावरून पद्धतीविषयी एक सूचना निघते. नमुना एकच देऊ नये, निदान तीन द्यावेत. 'आजीने जवळा वाळवला' एवढे एकच वाक्य समोर असेल तर त्यातले काय ठेवावयाचे हे मुलाने ओळखावे कसे? आजी ठेवावी की वाळवणे ठेवावे? तीन वाक्ये शेजारी आली की स्थिर काय आणि चल काय ते आपोआप वेगळे पडते. आपली बरीच स्वाध्यायपुस्तके येथे चूक करतात. एक नमुना आणि खाली दहा रिकाम्या जागा. क्रम उलट असावा.

मुलाने 'आजीने करंदी वाळवला' असे लिहिले तर काय करावे? ज्या मुलाची घरची भाषा मराठी आहे ते मूल बोलताना ही चूक करणार नाही. चूक हाताची आहे. वरच्या वाक्यातील 'वाळवला' पाहून त्याने उतरवला. अशा मुलाला नियम सांगण्याऐवजी वाक्य मोठ्याने वाचावयास सांगावे. बहुधा कान हाताला दुरुस्त करतो. परंतु ज्या मुलाच्या घरी हिंदी बोलली जाते, त्याच्या कानावर हा भरवसा ठेवता येत नाही. हिंदीत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे ते मूल 'घर मोठा आहे' असे लिहिते तेव्हा तो निष्काळजीपणा नसतो. त्याला नमुनावाक्ये अधिक लागतील, ऐकण्यासाठी आणि बोलण्यासाठीही. कोळीवाड्यासारख्या वस्तीत आज एकाच बाकावर ही दोन्ही मुले बसलेली असण्याची शक्यता आहे. लाल शाईची खूण दोघांच्या वहीत सारखीच उमटते. उपाय मात्र भिन्न आहेत.

४.३ घरचे वाक्य

आतापर्यंतचे विवेचन नमुनावाक्य प्रमाण मराठीत असते हे गृहीत धरून केले. आता हे गृहीतक तपासू.

मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरील कोळी बोलीची नोंद ग्रिअर्सन यांच्या 'भारतीय भाषांचे सर्वेक्षण' या प्रकल्पाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) झालेली आहे. या बोलीत प्रमाण मराठीतील 'ण'च्या जागी 'न', 'ळ'च्या जागी 'ल' आणि अनेक शब्दांत 'ड'च्या जागी 'र' येतो. पाणी ते 'पानी', गळा तो 'गला', होडी ती 'होरी'. वडील ते 'बापूस'. हे ध्वनिभेद शिक्षकाला लगेच ऐकू येतात आणि तो ते लगेच सुधारतो. त्याहून महत्त्वाचा भेद मात्र त्याच्या नजरेतून निसटतो. या बोलीत स्थान दाखवण्यासाठी '-न' हा प्रत्यय लागतो. 'घरात' म्हणावयाचे ते 'घरान', 'गळ्यात' ते 'गल्यान'.

आता समजा, मुलाने वहीत लिहिले: 'बापूस होरीन बसला.' शिक्षकाने 'बापूस' खोडून 'वडील' केले, 'होरी'ची 'होडी' केली, 'बसला'चे 'बसले' केले आणि '-न' हा '-ने'चा अशुद्ध उच्चार समजून 'वडील होडीने बसले' असे वाक्य तयार केले. मूळ वाक्य निर्दोष होते. सुधारलेले वाक्य कोणत्याही मराठीत बसत नाही. मुलाला म्हणावयाचे होते 'होडीत बसले'. 'होडीने' म्हणजे साधन, 'होडीत' म्हणजे स्थान. मुलाच्या बोलीत व्याकरण होते. शिक्षकाला ते ओळखता आले नाही.

'बसला'चे 'बसले' करण्याचीही कथा अशीच आहे. अनेक घरांत आई-वडिलांविषयी एकवचनात बोलतात. त्यात जवळीक असते, अनादर नसतो. पुस्तकी मराठीत वडिलांना आदरार्थी बहुवचन लागते. मुलाला तेथे 'वडिलांबद्दल असे बोलतात का?' असे विचारले, तर व्याकरणाची चूक एकदम संस्काराची चूक होते. असा प्रश्न ऐकलेले मूल पुढच्या वेळी वडिलांविषयी लिहीतच नाही. त्याऐवजी 'घरी असेच म्हणतात. पुस्तकात मोठ्यांसाठी अनेकवचन वापरतात, आपण दोन्ही लिहून पाहू' असे म्हणता येते.

येथे नमुनावाक्याचा एक वेगळा उपयोग संभवतो. वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे मुलाने घरी जसे म्हणतात तसे वाक्य लिहावे आणि उजवीकडे तेच वाक्य पुस्तकी मराठीत. डावीकडील वाक्य खोडावयाचे नाही, त्याला गुणही द्यावयाचे नाहीत; ते उजवीकडच्याचे मूळ आहे. काही दिवसांनी डावीकडचे 'घरान, होरीन, गल्यान' आणि उजवीकडचे 'घरात, होडीत, गळ्यात' असे दोन रकाने समोर आले की भेद मुलालाच दिसतो. तो त्याने स्वतः शोधला असल्यामुळे टिकतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. बोलीला वहीत जागा दिली तर मूल प्रमाण भाषा शिकणार नाही, असे पालकही म्हणतात. कोळीवाड्यातील पालक तर अधिकच आग्रहाने म्हणण्याचा संभव आहे, कारण भाषेवरून झालेला उपहास त्यांनी स्वतः सोसलेला असतो. ही भीती खोटी नाही. परीक्षा, मुलाखत, अर्ज हे सारे प्रमाण मराठीत होते आणि मुलाला ती आलीच पाहिजे. प्रश्न एवढाच, की घरचे वाक्य दडपून ती लवकर येते की घरच्या वाक्याशी ताडून? मॅक्सिन बर्नसन यांचे काम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. फलटणमधील मराठीच्या विविध रूपांचा अभ्यास करून त्यांनी १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे फलटण येथेच प्रगत शिक्षण संस्थेद्वारे मुलांच्या वाचन-लेखनाचे काम उभे केले. बोलीभेदांच्या संशोधनातून थेट प्राथमिक वर्गाकडे झालेला असा प्रवास आपल्याकडे विरळा आहे.

लेखननियमांचा आधारही येथे मिळतो. मराठी साहित्य महामंडळाने केलेले आणि शासनाने स्वीकारलेले शुद्धलेखनाचे नियम (मूळ १४ नियम १९६२ साली, त्यांत ४ नियमांची भर १९७२ साली) पात्राच्या तोंडी बोलण्यातील रूपे घालण्यास मुभा देतात. म्हणजे 'आजी म्हणाली' असे लिहून पुढे अवतरणात आजीचे शब्द जसेच्या तसे लिहिणे हे नियमाला धरूनच आहे. 'आजी म्हणाली, "..."' हा साचा मुलांना लवकर द्यावा, असे मी सुचवीन. निवेदकाची मराठी आणि आजीची मराठी त्यात एकाच वाक्यात सुखाने नांदतात. (ही अवतरणचिन्हेदेखील आपण बाहेरून घेतली, मराठी गद्याला विरामचिन्हांची सवय लागली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी यांच्या काळात. आज ती परकी वाटत नाहीत. उत्तम नमुना कालांतराने आपलाच होतो.)

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. कागदोपत्री कोळीवाड्यातील मुलाची घरची भाषा 'मराठी' अशी नोंदली जाते आणि प्रश्न सुटला असे सर्व जण समजतात. घरच्या मराठीपासून शाळेच्या मराठीपर्यंतचे अंतर कोणत्याही रकान्यात येत नाही.

४.४ आशयाची नक्कल

नमुन्यातील साचा घ्यावा आणि आशय सोडावा, असे वर म्हटले. शाळेत अनेकदा नेमके उलट घडते. 'माझे वडील' या विषयावर निबंध लिहा, असे म्हटले की बाजारात मिळणाऱ्या निबंधांच्या पुस्तकातील वडील वर्गात अवतरतात. ते रोज सकाळी वेळेवर उठतात, वर्तमानपत्र वाचतात, कार्यालयात जातात आणि रविवारी मुलांना बागेत नेतात. ज्या मुलाचे वडील भरती-ओहोटीच्या वेळा पाहून घराबाहेर पडतात, त्यानेही हेच लिहिले तर निबंधाला गुण मिळतील. पण हे वाक्य खोटे आहे हे मुलाला ठाऊक असते. लेखन म्हणजे शिक्षकाला आवडेल असे काहीतरी लिहिणे, ही समजूत येथे रुजते आणि ती पुढे पदवीपर्यंत सुटत नाही. आपल्या स्वाध्यायांच्या उत्तरपत्रिका तपासताना तिचा प्रत्यय मला दरवर्षी येतो.

यावर उपाय म्हणून काही शिक्षक नमुना देणेच सोडून देतात. 'मनाला येईल ते लिहा' असे सांगितले की मूल मुक्त होईल, अशी त्यांची श्रद्धा असते. मला ती पटत नाही. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, ज्याला रात्री गोष्टी वाचून दाखवतात, त्याच्या कानात लिखित मराठीचे शेकडो साचे आधीच असतात. त्याला मोकळीक पुरते. ज्याच्या घरी ती सोय नाही, त्याला कोऱ्या कागदासमोर बसवून मोकळीक देणे म्हणजे त्याला एकटे सोडणे होय. नमुना द्यावाच, मात्र त्यातील आशय मुलाला उचलण्याजोगा नसावा. म्हणून नमुनावाक्य शिक्षकाने स्वतःच्या आयुष्यातले द्यावे. 'माझे वडील गिरणीतून आले की आधी पाय धूत' असे परळला वाढलेल्या शिक्षकाने लिहिले, तर कोळीवाड्यातील मुलाला ते उतरवून घेता येणार नाही. त्याला 'आले की आधी' एवढाच साचा घेता येईल आणि 'माझे वडील बंदरावरून आले की आधी...' यापुढचे स्वतःच्या घरात पाहून भरावे लागेल.

साचा निवडतानाही तारतम्य हवे. पाठ्यपुस्तकांत आणि वृत्तपत्रांत 'जो-तो'च्या वाक्यांचा सुकाळ असतो. 'जी बोट काल गेली होती, ती बोट आज पहाटे आली.' हे वाक्य शुद्ध आहे. पण मूल बोलताना सहसा म्हणते, 'काल गेलेली बोट आज आली.' धातुसाधित विशेषणाची ही '-लेला, -लेली, -लेले' रचना मराठीचे मोठे बळ आहे. ती सुटसुटीत आहे, शिवाय नामाच्या लिंगवचनाप्रमाणे वळते. 'फाटलेले जाळे', 'उरलेली मासळी', 'वितळलेला बर्फ' यांपासून सुरुवात करून 'रात्री फाटलेले जाळे मामाने सकाळी शिवले' येथवर चौथीचे मूल सहज पोहोचावे. 'जो-तो' सहावीपर्यंत थांबला तरी बिघडत नाही.

'जसजसा-तसतसा' हा साचा मात्र लवकर द्यावा, कारण त्याला निरीक्षण लागते. 'जसजसे ऊन वाढते, तसतसा बर्फ वितळतो' आणि 'जसजशी भरती वाढते, तसतशा होड्या वर उचलल्या जातात' ही वाक्ये करणाऱ्याला दोन गोष्टींकडे एकाच वेळी पाहावे लागते. शिवाय 'जसजसे, जसजशी, तसतसा, तसतशा' ही रूपे सांभाळताना लिंगवचनाची चांगली कसरत होते. मासळी बाजारात आईशेजारी बसणाऱ्या मुलाला अशा वाक्यांसाठी विषय शोधावे लागत नाहीत.

४.५ मोठ्यांची वाक्ये

वाक्यानुकरण हा बालवर्गातच संपणारा विषय नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचे काम चालू असताना वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी क्लीव्हलँड बंदरासमोरील पुलाच्या खांबांमधील अंतराचा प्रश्न उपस्थित केला. नियोजित अंतर ६० मीटर होते. तेवढ्या जागेतून होड्या सुरक्षितपणे जाऊ शकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. दीर्घ विरोधानंतर २०२२ च्या अखेरीस हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. या प्रश्नाचे सर्व पैलू येथे चर्चिण्याचे कारण नाही. भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की समुद्राचे जे ज्ञान तोंडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, ते अशा प्रसंगी निवेदन, पत्र आणि हरकत यांच्या वाक्यांत बसवावे लागते. उदाहरणार्थ, पुढील वाक्य पाहा. ते या पाठासाठी रचलेले आहे:

दोन खांबांमधील अंतर कमी राहिल्यास प्रवाहाच्या जोराने होड्या खांबांवर आदळण्याचा धोका आहे. म्हणून हे अंतर वाढवावे.

या वाक्यात तीन सांधे आहेत. '-ल्यास' हा अट सांगतो, 'म्हणून' हा कारण आणि मागणी जोडतो आणि 'वाढवावे' हे विध्यर्थी रूप मागणी मांडते, आज्ञा करीत नाही. सातवीतील मुलाला हाच साचा देता येतो. 'शाळेच्या जिन्यातील दिवा बंद राहिल्यास लहान मुले पडण्याचा धोका आहे. म्हणून तो दुरुस्त करावा.' मूल खरोखरीचा दिवा शोधील, खरोखरीचे पत्र मुख्याध्यापकांना देईल आणि कदाचित दिवा लागेलही. साच्यात आशय भरणे म्हणजे काय ते या पत्रातून जितके कळेल, तितके रिकाम्या जागा भरून कळणार नाही. ज्याला असे वाक्य रचता येत नाही त्याला दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागते, आणि लिहिणाऱ्याला समुद्र ठाऊक असतोच असे नाही.

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारच्या, तिसरी ते पाचवीत शिकणाऱ्या एका मुलाची निवड करावी. पालकांची संमती घेऊन त्या मुलाबरोबर आठवडाभर रोज वीस मिनिटे काम करावे. पहिल्या दिवशी काहीही शिकवू नये. त्याच्या बोलण्यातील दहा वाक्ये जशीच्या तशी, एकही रूप न सुधारता, उतरवून घ्यावीत. त्यांतील किती वाक्ये कर्मणी व किती भावे प्रयोगातील आहेत ते पाहावे. घरच्या बोलीतील प्रत्यय प्रमाण मराठीतील प्रत्ययांहून कोठे वेगळे आहेत, तेही नोंदवावे.

दुसऱ्या दिवसापासून त्या दहांपैकी एका वाक्याच्या साच्यावर आपण स्वतःच्या आयुष्यातील तीन वाक्ये रचून मुलाला वाचून दाखवावीत. कागद मिटून ठेवावा आणि मग मुलाला त्याची तीन वाक्ये लिहू द्यावीत. मुलाने काही चुकीचे लिहिल्यास प्रथम ते मोठ्याने वाचावयास सांगावे. त्याने स्वतः केलेली दुरुस्ती निळ्या शाईने आणि आपण सुचवलेली दुरुस्ती पेन्सिलने नोंदवावी. लाल शाई वापरू नये.

सहाव्या दिवशी मुलाला आपल्यासाठी एक नमुनावाक्य करावयास सांगावे आणि त्यावरून आपण तीन वाक्ये लिहावीत. ती तपासण्याचे काम मुलाकडे द्यावे. सातव्या दिवशी नवे काही लिहू नये; दोघांनी मिळून आठवड्यातील वाक्ये मोठ्याने वाचावीत आणि मुलाला सर्वांत आवडलेले वाक्य कोणते व का, ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. मुलाचे नाव व शाळेचे नाव न लिहिता दोन्ही वह्या पुढील संपर्कसत्राला सोबत आणाव्यात.